पन्नास वर्षं भांडलेलं तोंड

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणतात. ती डॉक्टर नाही. डॉक्टर दात उपटतात, ही दात करते. दवाखान्याच्या काचेवर डॉक्टरांचं नाव असतं, नावामागं पदव्यांची ही लांब शेपटी. नवी कवळी घालून बाहेर पडणारं गिऱ्हाईक डॉक्टरांचा हात हातात धरून सोडतच नाही. आणि ती कवळी जिनं केली ती तीन गल्ल्या पलीकडं, लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत, नाकाला फडकं बांधून प्लॅस्टरच्या धुळीत बसलेली असते. तिला कोण विचारतो? फोन आलाच तर "झालं का हो?" एवढ्यासाठी.

बावीस वर्षं झाली. आली होती ती झाडू मारायला. तिथला जुना कारागीर एकदा आठवडाभर आजारी पडला, दवाखान्यातून तगादा सुरू, मालक डोक्याला हात लावून बसलेले. हिनं दुपारच्या सुट्टीत मेणाच्या पट्टीवर चौदा दात रोवून टाकले आणि टेबलावर ठेवून दिले. मालकांनी ते उलटेसुलटे करून पाहिले.

"कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच. मी झाडत होते, तेव्हा तुम्ही त्यांना सांगत होतात. कान काही झाडूत अडकलेले नव्हते माझे."

दुसऱ्या दिवशी झाडू दुसऱ्याच्या हातात गेला.

हात तिचा सोन्याचा, पण जीभ तिखट. एकदा रांगेत उभी असताना पुढची बाई खळखळून हसली आणि ही नवऱ्याच्या कानाला लागली, "ते दात माझे आहेत." नवरा रंगारी, शांत माणूस. म्हणाला, "हळू बोल. मार खाशील." पण दिवसभर तिचा चेहरा उजळलेला होता. एवढीच तिची बक्षिसी, तीही गुपचूप.

त्या दातांच्या कारखान्यात एक नियम तिनं भांडून लावून घेतला होता. कवळी पक्की करण्याआधी दात नुसते मेणात बसवलेले असतात. त्या वेळी ती एकदा माणसाच्या तोंडात घालून बघायची, त्याच्या हातात आरसा द्यायचा, आणि घरचं कुणी सोबत असेल तर त्यालाही विचारायचं. डॉक्टरांना घाई असायची. मालकांना डॉक्टरांची घाई असायची. ही दारात आडवी उभी राहायची. "मेणात आहे तोवर हलवता येतं. पक्कं झालं की नुसतं रडता येतं. दाखवल्याशिवाय मी पक्कं करणार नाही, काय करायचं ते करा." शेवटी सगळे वळले. ती बोलायला लागली की वळावंच लागतं.

आणि हाच नियम तिनं मोडला. तोही सख्ख्या बापासाठी.

तिचे बाबा बस डेपोत कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठं लागली, कधी सुटणार, हे सांगायचं काम. माइक होता, पण तो महिन्यातले वीस दिवस दुरुस्तीला. बाबांचं काही अडायचं नाही. ते केबिनबाहेर येऊन एक हाळी द्यायचे आणि पार कोपऱ्यातला डुलक्या काढणारा ड्रायव्हर उठून बसायचा. घरीही तोच आवाज. पोरं अभ्यासाला, आई चहाला, शेजारी आपापल्या कामाला, सगळे त्या आवाजावर चालायचे. गप्पांना बसले की चार माणसं जमायची, चारांची आठ व्हायची.

हिरड्या सडल्या आणि गेल्या थंडीत उरलेसुरले दात काढावे लागले. त्या दिवसापासून बाबा मिटले. कुणी आलं की तोंडावर हात. बोलणं 'हूं' आणि 'उंहूं'वर आलं. जेवायला स्वयंपाकघरात, भिंतीकडं तोंड करून, दुधात बुडवलेला पाव. आठ महिने घरातल्या कुणी त्यांना घास घेताना पाहिलं नव्हतं.

एकटी भिंगरी तेवढी त्यांच्यासोबत बसायची. भिंगरी म्हणजे दातवालीची सहा वर्षांची मुलगी, जागेवर न ठरणारी, म्हणून भिंगरी. तिचेही पुढचे दोन दात पडलेले. "आमचा दोघांचा पक्ष आहे, बिनदातांचा," असं ती सगळ्यांना सांगायची.

अशात आईबाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला. धाकट्या भावानं यादी काढली, खुर्च्या सांगितल्या. बाबांनी हाताआडून जाहीर केलं, "लोकांना बोलवा. खाऊपिऊ घाला. मी आत बसतो."

"नवरदेव आत आणि मी बाहेर?" आई म्हणाली. "मग लग्न कुणाशी झालं म्हणून सांगू लोकांना?"

दातवालीच्या मात्र हे काळजाला लागलं. गावभर दात वाटणारी ती, आणि तिचाच बाप भिंतीकडं तोंड करून जेवणार? कवळी करून घ्या म्हणून आठ महिने तिनं दातांच्या कण्या केल्या होत्या. या वेळी ती नुसती त्यांच्यासमोर बसून राहिली. तिला असं गप्प बसलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. बाबा घाबरलेच असावेत. म्हणाले, "बरं. पण तुझ्या हातचे असतील तर. दुसऱ्या कुणाचे मी तोंडात घेणार नाही."

झालं! बाई हवेत.

डॉक्टरांनी मापं घेतली. पुढचं सगळं तिचं. कारखान्याचं काम कारखान्याच्या वेळात आणि बाबांचं काम जेवणाच्या सुट्टीत, असे तीन आठवडे. मालकांनी कपाटातून सगळ्यात भारी दातांचा डबा काढून दिला. "घे. वडिलांसाठी आहेत." दात पांढरेशुभ्र, एकसारखे. तिनं ते असे रोवले, की शाळेतली पोरं कवायतीला उभी राहावीत. एक पुढं नाही, एक मागं नाही. मालक भिंग घेऊन बघत राहिले. "असं काम मी तुझ्या हातचंही पाहिलं नाही."

मग मेणातलं तोंडात घालून बघायची वेळ आली. ती क्षणभर थांबली. दाखवलं तर गंमत जाईल, हे एक कारण. दुसरं तिनं स्वतःलाही नीट सांगितलं नाही. स्वतःच्या बापाचं तोंड मला माहीत नाही? मी कुणाला विचारायचं? तिनं कवळी तशीच पक्की केली, घासली, चमकवली आणि मखमलीच्या डबीत ठेवली.

रविवारी पाहुणे पाचला येणार होते. घरची मंडळी सकाळपासून गोळा झाली होती. धाकटा स्टुलावर चढून फुगे बांधत होता आणि बांधले त्यापेक्षा जास्त फोडत होता. आई ठेवणीतले कपडे घालून, काही काम करायचं नाही अशी तंबी असल्यामुळं, दर दोन मिनिटांनी उठत होती. अकराच्या सुमाराला दातवालीनं बाबांना आत नेलं, कवळी घालायला शिकवली, आणि दार उघडून ओरडली, "बघा रे!"

बाबा बाहेर आले आणि हसले.

धाकट्याच्या हातातला फुगा फुस्स करत खोलीभर फिरला आणि आईच्या पायाशी पडला.

"अरे वा," धाकटा शेवटी म्हणाला. "बाबा, एकदम टूथपेस्टची जाहिरात!"

भिंगरी आईच्या मागं सरकली. "हे आजोबा नाहीत."

"गप गं. आजोबाच आहेत."

"नाहीत. आजोबांचं तोंड घातलंय कुणीतरी."

बाबांनी बोलायचा प्रयत्न केला. "कसं दिसतंय?" असं त्यांना विचारायचं होतं, पण प्रत्येक 'स'बरोबर कुकरच्या शिट्टीसारखा आवाज निघाला. धाकट्याला हसू आवरेना. तो फुगे शोधायच्या निमित्तानं पलंगाखाली शिरला. बाबांनी आईकडं पाहिलं. आई त्यांच्याकडं, एखाद्या अनोळखी माणसानं दार वाजवल्यावर बघावं तशी बघत होती. "कोण हवंय?" एवढंच तिच्या ओठांवर यायचं बाकी होतं.

बाबांचा हात तोंडावर गेला. ते वळले, स्वयंपाकघरात गेले, कवळी काढून वाटीत ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

दातवाली मागोमाग शिरली. "काय झालं? कुठं लागतंय? लागत असेल तर सांगा!"

"उंहूं."

"मग? तीन आठवडे मी दुपारचं नीट जेवले नाही. मालक म्हणाले, असं काम पाहिलं नाही. आणि तुम्ही दोन मिनिटांत काढून ठेवता?"

"दात चांगलेत," बाबा हाताआडून म्हणाले. "फार चांगलेत. कुणातरी भल्या माणसाचे असतील. माझे नाहीत."

"नकोत तर नकोत! फेकते कचऱ्यात!" तिनं वाटी उचलली. खरंच फेकली असती. तिचा राग म्हणजे दुधासारखा, उतू गेल्याशिवाय खाली बसत नाही.

आई दारात उभी होती. "ओरडू नकोस त्यांच्यावर. त्यांचं काय चुकलं?"

"मग माझं चुकलं?"

"मला दातांतलं काय कळतं, बाई. मला एवढंच कळतं, की पन्नास वर्षं मी ज्या तोंडाशी भांडले, ते तोंड हे नाही. या तोंडाशी मला भांडताही येणार नाही. भीती वाटते, न जाणो, सभ्यपणे उत्तर द्यायचं."

बाबांच्या खांद्यांना भिंतीकडं तोंड असतानाच एक हिसका बसला. हसले होते.

दातवालीनं वाटीत पाहिलं. एका रांगेत उभे, एका उंचीचे, एका रंगाचे दात. आता तिला दिसलं. हे मालकांच्या कपाटातल्या डब्याचं तोंड होतं. बाबांचा पुढचा दात वाकडा होता, दोन दातांत फट होती, हे काय तिला माहीत नव्हतं? लहानपणापासून पाहत आली होती. करायला बसली तेव्हा मात्र तिला वाटलं, बाबांना चांगलं द्यावं. वाकडं कशाला द्यायचं? आरसा धरला असता, आईला एकदा बोलावलं असतं, तर मेणात असतानाच कळलं असतं. दारात आडवं उभं राहून साऱ्या जगाला जे बजावलं, ते हिलाच बजावायला कुणी आडवं उभं नव्हतं.

'माझी चूक झाली' हे तीन शब्द तिच्या तोंडून सहज निघत नाहीत. निघाले ते वेगळेच. "उठा. चपला घाला. आई, तूपण चल."

"मी कशाला? पाचला लोक येतील."

"तुझ्याशिवाय कोण सांगणार, ते तोंड नेमकं कसं होतं ते? फोटोत तर हे कायम ओठ मिटून बसलेले. चल!"

कारखान्याची किल्ली तिच्याकडं असते. रविवारी लॉन्ड्री बंद, जिना शांत. वरच्या खोलीत फळ्यांवर प्लॅस्टरचे पांढरे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर. आईनं आयुष्यात पहिल्यांदा मुलीची कामाची जागा पाहिली. "एवढी माणसं तोंड उघडून बसलीत, आणि आवाज म्हणून नाही," ती म्हणाली. "यांना ठेव इथं चार दिवस, शिकतील."

बाबा मालकांच्या खुर्चीत बसले. दातवालीनं फडकं बांधलं, बारीक चक्रीनं कवळीतले पुढचे चार दात कापून काढले. भारी डब्यातले, कवायतीतले. काढताना जीव हळहळला, पण हात थांबला नाही. मग खणातला उरल्यासुरल्या दातांचा डबा उपडा केला. पिवळट, तपकिरी झाक असलेले, कुणाला न लागलेले दात टेबलभर पसरले.

"आई, निवड."

आईनं चष्मा पुसला आणि दाणे निवडावेत तशी निवडायला बसली. "हा नको, फार लांब. हा ठीक. चहाचा रंग आहे याला, बरोबर आहे."

"माझे एवढे पिवळे नव्हते," बाबा म्हणाले.

"तुम्ही बोलू नका. तुम्ही कधी पाहिलेत?"

"रोज आरशात बघत होतो की दाढी करताना."

"दाढी करताना माणूस तोंड मिटतो. उघडं तोंड मी पाहिलंय. आणि बसस्टँडावरच्या लोकांनी."

दातवालीनं मेण मऊ केलं आणि एकेक दात रोवला. आई खांद्यावरून वाकून बघत होती. "डावीकडचा जरा पुढं घे. आणखी. आता शेजारच्याच्या अंगावर रेलू दे. उभ्या गाडीत झोप लागलेला माणूस शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकतो ना, तसा. हां. आणि मधे फट."

"किती?"

आई गोंधळली. मग तिनं पिशवीतून किल्ली काढली आणि तिची कड दाखवली. "एवढी. रागावले की त्यातून थुंकी उडायची."

"नाही उडायची!"

"माझ्यावर उडायची, की तुमच्यावर?"

मेणातली कवळी बाबांच्या तोंडात गेली. दातवालीनं आरसा त्यांच्या हातात दिला आणि स्वतः आईकडं बघत राहिली. बाबांनी ओठ मागं ओढले. आई बघत होती. बघता बघता तिनं चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि उगाचच खिडकीकडं जाऊन बाहेर कुणी आहे का ते बघायला लागली.

"आई? काय? अजून पुढं घेऊ?"

"नको," आई खिडकीतूनच म्हणाली. "असू दे. हेच आहेत ते."

मग पक्कं करायचं काम. पूड आणि पातळ रसायन कालवून तिनं दातांच्या मुळाशी भरलं, कवळी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवली आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटं. आईबाबा प्लॅस्टरच्या गोण्यांवर शेजारी शेजारी बसले. लग्नाच्या दिवशी पाऊस होता की ऊन, यावरून त्यांचं जुंपलं. बाबांच्या तोंडात दात नव्हते, त्यामुळं त्यांचं 'ऊन' बरंचसं हवेत गेलं, पण ते हटले नाहीत. उठले तेव्हा दोघांच्याही ठेवणीतल्या कपड्यांवर मागं पांढरेफेक गोल ठसे उमटलेले. ब्रशनं झटकलं तर आणखी पसरले.

"राहू दे," आई म्हणाली. "लोक पुढून बघतात."

दातांमागचा भाग तिनं घासून पातळ केला, तशी शिट्टी बरीच कमी झाली. घरी पोचले तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. धाकटा दारात येरझाऱ्या घालत होता. केकच्या डब्यावर तिचा नवरा चुकून टेकला होता आणि केकवरच्या '५०'मधलं शून्य चपटं झालं होतं. "मी रंग देऊन नीट करू का?" असं तो विचारत होता, आणि ते कुणीही हसण्यावारी नेत नव्हतं, कारण त्याच्या हातात खरंच ब्रश होता.

भिंगरीनं आजोबांना खाली वाकायला लावलं. दोन्ही गाल धरून तपासणी केली. "एक वाकडा आहे," ती म्हणाली. "चालेल. पण पक्षातून काढावं लागेल तुम्हाला."

पाहुणे आले. डेपोतले जुने सोबती, शेजारी, आईच्या मैत्रिणी. बाबा मधल्या खुर्चीत बसले, पण गप्पच. एखादा शब्द बोलायचे, हात अर्ध्यावर यायचा, परत खाली जायचा. दातवाली खोलीच्या त्या टोकाला कपबश्या हातात घेऊन उभी होती. चहा कुणाला दिला, कुणाला नाही, तिचं लक्ष नव्हतं. सगळा जीव त्या हाताच्या येण्याजाण्यावर टांगलेला.

मग डेपोतला एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, त्या दिवशी ती गाडी चुकीच्या फलाटावर लावली होती ना, ती चूक तुमची होती. आता पन्नास वर्षं झाली लग्नाला, आता तरी कबूल करा."

"माझी?" बाबा म्हणाले. "माझी चूक?" आणि सुरू झाले. गाडी कुठली, फलाट कुठला, समोर कोण उभं होतं, माइक कसा बंद होता. आवाज एकेक पायरी चढत गेला. खोलीतली बाकीची बोलणी एकेक करून थांबली. खुर्च्या त्यांच्याकडं वळल्या. बोलता बोलता त्यांनी केकचा तुकडा उचलला, सगळ्यांसमोर तोंडात टाकला, चावला, आणि मधेच थांबले.

"टोचतंय."

"कुठं?" दातवाली कपबश्या कुणाच्या तरी मांडीवर ठेवून धावली.

"इथं." बाबांनी आ वासला. भर पंचवीस माणसांत, बोट आत घालून जागा दाखवली. धाकट्यानं फोनचा उजेड पाडला. तिनं वाकून पाहिलं. हिरडीवर एक लालसर ठिपका होता. पक्क्या झालेल्या प्लॅस्टिकची बारीक कड राहून गेली होती.

"उद्या घासून देते, बाबा."

"उद्या कशाला? आत्ता. अजून जेवायचंय मला." त्यांनी फटकन कवळी काढून तिच्या हातावर ठेवली आणि ड्रायव्हरकडं वळले. "हां, तर काय म्हणत होतो? माइक बंद. मी केबिनच्या बाहेर आलो..."

ती खिडकीपाशी गेली. पर्समधून कानस काढली आणि कड घासायला लागली. मागं बाबा उघड्या बोळक्या तोंडानं फलाट क्रमांक सांगत होते. अर्धे शब्द हवेत जात होते, तरी सगळे हसत होते, ड्रायव्हर मांडीवर थापा मारत होता, आणि आई मधेच म्हणत होती, "खोटं! तसं नव्हतं!" बाबांचे दोन्ही हात मांडीवर होते, गोष्टीत लागतील तसे उठत होते. तोंडाकडं एकदाही गेले नाहीत.

कड केव्हाच गुळगुळीत झाली होती. ती घासतच राहिली.